सावली नको, ऊन बघून बसा

स्वीडनच्या हवामान खात्याच्या लेखी वसंत ऋतू ही फार साधी बाब आहे. दिवसाचे सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर आणि 10 अंशांच्या खाली राहिले, की त्यांतल्या पहिल्या दिवशी वसंत आला असे मानायचे; मात्र 15 फेब्रुवारीच्या आधी तो आल्याचे कबूल करायचे नाही. मिरजेहून आलेल्या माझ्या सासूबाईंना हा नियम सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, "मग थंडी कशाला म्हणता गं तुम्ही?" प्रश्न रास्त होता.

स्टॉकहोममध्ये राहणाऱ्याला मात्र वसंत कळतो तो खडीवरून. हिवाळाभर कोणी घसरून पडू नये म्हणून पदपथांवर बारीक खडी टाकलेली असते. बर्फ वितळल्यावर ती उघडी पडते, बुटांच्या तळव्यांत अडकून घरभर येते, आणि मग एक दिवस ती झाडून नेणारी गाडी धुरळा उडवत येते. त्याच सुमारास माणसेही बाहेर पडतात. डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा असलेला दिवस मार्चअखेरीस रोज पाच मिनिटांहून अधिक वाढत असतो, आणि ही वाढ वाया जाऊ द्यायची नाही, असे सगळ्या शहराने मनावर घेतलेले दिसते. द्रामातेन या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर कोटाची बटणे सोडून, डोळे मिटून, तोंड सूर्याकडे करून लोक ओळीने बसलेले असतात. कोणी कोणाशी बोलत नाही. कॅफेवाले खुर्च्या बाहेर मांडतात आणि प्रत्येक खुर्चीवर एक घोंगडी ठेवतात, कारण ऊन असले तरी ऊब असेलच असे नाही.

येथील कौटुंबिक सहल याच उन्हाभोवती फिरते. आपल्याकडे सहल म्हटली की काय काय पाहायचे याची यादी होते, एक ठिकाण सुटले तर पैसे फुकट गेल्यासारखे वाटते. येथे जायचे ठिकाण बहुधा मागल्या रविवारचेच असते, फक्त बसायची जागा सूर्याप्रमाणे बदलते. राजधानीच्या ऐन मध्यावर असलेल्या कुंगस्ट्रेगोर्डन बागेत 1998 साली लावलेली जपानी चेरीची झाडे एप्रिलच्या उत्तरार्धात फुलतात, तेव्हा तेथे अवश्य जावे, गुलाबी छताखाली मुलांचे फोटो काढावेत आणि गर्दी वाढण्याआधी निघावे. तो एक सोहळा झाला. त्याला मी सहल म्हणणार नाही.

सहलीला लागणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बसायची फोमची चौकोनी गादी. बोटभर जाडीची, दुमडून पिशवीला अडकवता येणारी, वजनाला काहीच नसलेली. वर ऊन कितीही असले तरी मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत जमिनीत हिवाळा मुरलेला असतो आणि तो खालून वर चढतो. माझ्या मुलीच्या बालवाडीत प्रत्येक मुलाची स्वतःची गादी आहे, तिच्यावर नाव आहे, आणि ती विसरलेले मूल गाडगेबाबांच्या खराट्यासारखी ती हाती धरून फिरणाऱ्या इतरांकडे हेव्याने पाहत राहते. सोबत कॉफीचा थर्मास, दालचिनीचे बन आणि उकडलेली अंडी, एवढी शिदोरी स्थानिकांना पुरते. आमच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा असतो, त्यामुळे आमची गादी लवकर पिवळी होते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही स्लुसेनहून बोटीने यूरगोर्डन बेटावर गेलो. शहरात असूनही तेथे जुन्या ओक वृक्षांची कुरणे आहेत. उतरून थोडे चालल्यावर दक्षिणेकडे तोंड केलेला एक खडक लागला, आणि त्याच्या एकाच बाजूला, नाटकाला बसल्याप्रमाणे, पाच-सहा कुटुंबे बसलेली होती. सासूबाईंनी क्षणभर ते दृश्य पाहिले, पदर डोक्यावर ओढला आणि खडकाच्या मागच्या बाजूस जाऊन म्हणाल्या, "अगं, इकडे छान सावली आहे, आणि कोणीच नाही." कोणीच का नाही, हे त्यांना पाचच मिनिटांत समजले. शाल मागून घेत त्या उठल्या, पुढच्या बाजूला आल्या, आणि नंतर तासभर सूर्य सरकेल तशी गादी सरकवत राहिल्या. साठ वर्षे चैत्र-वैशाखात झाडाची सावली धरून बसलेल्या बाईला आठवड्याभरात उन्हाचा हिशेब जमू लागला, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

तेथेच त्यांनी विचारले की झाडांना पान नाही, मग खाली एवढी फुले कशी? ओकची पालवी उशिरा येते. एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात फांद्या उघड्या असल्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते, आणि निळी ब्लोसिप्पा व पांढरी व्हीटसिप्पा ही छोटी रानफुले तेवढ्या मुदतीत फुलून घेतात. वर पाने दाट झाली की त्यांचा प्रकाश संपला. एकूण त्या खडकावरच्या माणसांचे आणि त्या फुलांचे वेळापत्रक एकच होते. मुलीने ब्लोसिप्पाकडे हात नेला, तेव्हा तिची बालवाडीतली मैत्रीण धावत येऊन तिला ठणकावून सांगून गेली की ही तोडायची नाहीत. पाच वर्षांच्या मुलांना येथे हे पाठ असते.

या देशात रानावनात कोणीही फिरावे, जमीन कोणाची हे न विचारता. हा हक्क 1994 पासून राज्यघटनेत नोंदला गेला आहे. घराच्या अंगणात आणि पेरलेल्या शेतात जायचे नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही, काही मोडायचे नाही, एवढेच. वसंतात अटी थोड्या वाढतात. रानातल्या पशुपक्ष्यांच्या पिलांचा काळ म्हणून 1 मार्च ते 20 ऑगस्ट कुत्र्यांना मोकळे उंडारू देता येत नाही. आणि गेल्या वर्षीचे वाळके गवत चटकन पेट घेते म्हणून कधी कधी उघड्यावर आग पेटवण्यास बंदी येते. मग सॉसेज भाजायला निघालेल्या कुटुंबांचा हिरमोड होतो. आमचे धपाटे घरूनच भाजलेले असल्यामुळे आम्हाला त्याची झळ लागत नाही.

शहराजवळच्या टीरेस्टा राष्ट्रीय उद्यानातही आम्ही जातो. तेथे 1999 साली मोठा वणवा लागला होता. जळालेल्या पाइनच्या जागी आता बर्च आणि अस्पेन उभे राहिले आहेत. बर्चची नवी पाने निघताना इतकी लहान असतात, की लांबून झाडावर हिरवी धूळ बसल्यासारखे दिसते. सासूबाईंना हे रान यूरगोर्डनपेक्षा जास्त आवडले, कारण तेथे "उगाच राजवाड्यासारखे काही नाही".

अशा प्रत्येक सहलीनंतरचा विधी मात्र घरी असतो. हवा पाच अंशांच्या वर गेली की गवतातल्या गोचिडी जाग्या होतात, आणि त्यांच्यापासून मेंदूच्या सुजेचा विषाणू पसरू शकतो म्हणून स्टॉकहोमच्या परिसरात लोक लस टोचून घेतात. लसीने सगळेच रोग टळत नाहीत. त्यामुळे संध्याकाळी मुलीला दिव्याखाली उभे करून काखा, गुडघ्यांमागची खोबण आणि कानांमागची जागा तपासावी लागते. यंदा गुडघ्यामागे एक सापडली. "म्हणजे इथे माणसांनाही गोचीड लागते," सासूबाई म्हणाल्या, आणि माहेरच्या म्हशी आठवून रॉकेलचा उपाय सुचवला. वर काहीही चोळायचे नाही, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, असे आरोग्यखात्याचे सांगणे आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, आणि "हल बाजूला, तुझा हात थरथरतोय" असे म्हणत ती एका झटक्यात अख्खी उपटून काढली.