अक्काची पत्रं आणि शिकागोची पुस्तकं

आमच्या सोलापुरात पूर्व भागात गेलं की कानावर तेलुगूच जास्त पडते, पद्मशाली विणकरांची घरं, मागाचा खडखडाट, आणि शेजारची अक्का तर एकाच वाक्यात तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलते. म्हणून शिकागो विद्यापीठातला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क वाचला तेव्हा मला ते पटलंच नाही. त्यानं आणि त्याचा सहकारी बर्जेसनं १९२१ मध्ये मांडलं की बाहेरून आलेले लोक नव्या समाजात टप्प्याटप्प्यानं जातात, आधी स्पर्धा, मग संघर्ष, मग जुळवून घेणं आणि शेवटी मिसळून जाणं. पण अक्का कुठं मिसळून गेली? पिढ्या झाल्या, घरात अजून तेलुगूच, तरी पक्की सोलापूरकर आहे की ती!

थॉमस आणि झ्नानिएत्स्की हे दोन समाजशास्त्रज्ञ जास्त जवळचे वाटले, अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांवर लिहिताना त्यांनी लोकांची घरची पत्रंच छापली, १९१८ ते २० मध्ये.

आणि ड्यू बॉइस, काळा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ! १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात हा माणूस दारोदार फिरला, आणि काळ्या लोकांच्या गरिबीचं कारण त्यांच्या रक्तात नाही, गुलामगिरीच्या वारशात आणि भेदभावात आहे हे दाखवलं, तेही पार्कच्या कितीतरी आधी. आम्हाला शिकवताना त्यांचं नाव दोन ओळीत संपलं, याचं खरंच वाईट वाटतं.

अक्काकडं तिच्या आजीची तेलुगू पत्रं आहेत. मी लिपी शिकायला घेतलीय.