लॉनमधली बारीक भोकं कोण करतंय, ते कसं शोधलं

आमचं घर नागपुरात बेसा साईडला, समोर छोटंसं लॉन आहे, सिलेक्शन वन जातीच्या गवताचं. ऑगस्टमध्ये पावसानं जरा उघडीप दिली आणि लॉनवर पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसायला लागली, ती पण एका जागी आठ-दहा अन् बाजूला काहीच नाही. बायको म्हणे साप, शेजारचे काकाजी म्हणे उंदीर, आणि माळीभाऊ तर थेट "कीड आहे, फोरेट टाकून देऊ". फोरेट म्हणजे जहाल कीटकनाशक, त्यावर २०२० संपतानाच बंदी आली आहे आणि आमचं पोरगं त्याच लॉनवर लोळतं, म्हटलं थांब ना भाऊ, आधी कोण आहे ते तर बघू दे.

साप बहुतेक आयत्या बिळावरचाच नागोबा, तो कशाला खणत बसतोय. घूस असती तर मूठ जाईल एवढं बीळ अन् बाजूला मातीचा ढीग. खरं तर भोकाच्या साईझपेक्षा काठावर माती आहे का ते बघावं. गांडूळ असेल तर वर शेव पाडल्यासारखी बारीक ओली ढिगुली असते (ती असू द्यावी, आपल्या काळ्या मातीत हवा खेळते त्यानं), मुंग्या असतील तर भुसभुशीत मातीचं गोल कडं. आमच्या भोकांना काठावर कणभर माती नाही. खराट्याची काडी घातली तर दोन इंचांवर अडकली, वर रुंद आणि खाली निमुळतं.

मग संध्याकाळी सगळी भोकं पायानं दाबून बुजवली. पहाटे उजाडताना पाहिलं तर एकही नवीन नाही, आणि नऊ वाजता पुन्हा तयार! म्हणजे हा दिवसा काम करणारा प्राणी, रात्रीचे सगळे संशयित सुटले. तरी खात्रीसाठी बादलीभर पाण्यात भांड्याचा लिक्विड सोप थोडा घालून एका कोपऱ्यात ओतला, जमिनीतले रातकिडे असले तर दहा मिनिटांत वर येतात, पण कोणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन व्हरांड्यात बसलो. सातच्या पुढे हुदहुद आला, तोच तो डोक्यावर तुरा अन् लांब वाकडी चोच, टुकटुक चालतो, चोच मुळापर्यंत खुपसतो, जरा हलवतो आणि पांढरं काहीतरी वर काढून हवेत उडवून गिळतो. मागून साळुंक्या.

भोकं पक्ष्याची, पण तो काय खातोय ते बघायचं होतं. जिथे गवत पिवळं पडलं होतं तिथे हातानं ओढलं तर मुळासकट चटईच वर आली, मुळं खाल्लेली. फूटभर चौकोन खुरप्यानं तीन-चार इंच उकरला तर अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या, डोकं तपकिरी, सात निघाल्या. हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी! ही साबणाच्या पाण्यानं वर येत नाही बरं का, उकरावंच लागतं. हिरव्या भागात तेवढाच चौकोन काढला तिथे एकच होती, तेवढी चालते.

कृषी केंद्रातून मेटारायझियम आणलं, ही बुरशी अळीला लागून तिला मारते, पण जमिनीत ओल हवी म्हणून संध्याकाळी पाणी देऊन मग टाकलं. लगेच फरक दिसत नाही, धीर धरावा लागतो. पिवळ्या पट्ट्यातल्या अळ्या मात्र हातानंच वेचल्या आणि हुदहुदला हाकलणं बंद केलं, फुकटचा मजूर आहे तो.

माळीभाऊला सांगितलं, पुढच्या वेळी शेणखत पूर्ण कुजलेलंच आण, कच्च्या खतात हुमणीचं फावतं. आणि हुमणीचे भुंगेरे जूनच्या पहिल्या पावसानंतर अंधार पडता पडता कडुलिंबावर पाला खायला जमतात, आमच्या गेटबाहेर कडुलिंबच आहे. तेव्हा खाली जुनी चादर टाकून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात. काकाजींनी त्यासाठी लंबी काठी आत्ताच शोधून ठेवलीय.