गाडी नापास झाली आणि कारण लेखी मिळेना: माझा अनुभव

पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली खासगी गाडी तपासणीत नापास झाली, तर ती दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा प्रश्न गेल्या पावसाळ्यानंतर माझ्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर मला शेवटी गॅरेजमध्ये मिळाले. परंतु गाडीत नेमका दोष कोणता, हे आरटीओ कार्यालयाकडून लेखी मिळवताना जो मनस्ताप झाला, तो अजून ओसरलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी छोटी पेट्रोल गाडी 2010 सालची. नूतनीकरणाचा अर्ज नमुना 25 मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. मी तो त्या काळात केला, 5,000 रुपये शुल्क भरले, विमा आणि पीयूसी चालू होते. येथपर्यंत कुठेही अडले नाही.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी वाकून गाडीखाली टॉर्च मारला, उजव्या दाराखालच्या पत्र्यावर बोटाने ठोकून पाहिले आणि चासी क्रमांकावर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकावर, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेण्याचा प्रयत्न केला. छाप उमटली नाही. "बाई, गाडी खालून गेली आहे. करून आणा," एवढेच ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले. खिडकीवर विचारले, तेव्हा नोंद फक्त "अयोग्य" अशी असल्याचे कळले.

"करून आणा" म्हणजे काय करून आणायचे? मी तीन निरनिराळ्या गॅरेजवाल्यांना विचारले. एकाने अठरा हजारांत थोडे वेल्डिंग आणि रंग सांगितला, दुसऱ्याने पूर्ण तळाचा पत्रा बदलून नव्वद हजार सांगितले आणि तिसऱ्याने गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. तिघेही आपल्या परीने प्रामाणिक होते. कार्यालयाला काय खटकले हेच कोणाला ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक जण अंदाजाने बोलत होता. बाजारात जिची किंमत साठ हजारांच्या वर जात नाही, अशा गाडीवर अठरा हजार घालणे आणि नव्वद हजार घालणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली निवड एका तोंडी वाक्यावर करायची, हे मला पटणारे नव्हते.

म्हणून मी पुन्हा कार्यालयात गेले आणि कारणे लिहून मागितली. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी निरीक्षकांकडे पाठवले, निरीक्षक तपासणीच्या मैदानावर होते, आणि ते आल्यावर त्यांनी "असे लिहून देण्याची पद्धत नाही" असे सांगून मला परत खिडकीकडे पाठवले. त्या आवारात सावलीला उभे राहायलाही धड जागा नाही. माझ्यासारखेच आणखी काही जण तिथे होते. एक वयस्क गृहस्थ तर आपल्या गाडीला काय कमी आहे हे न कळताच दुसऱ्यांदा घेऊन आले होते आणि दुसऱ्यांदाही परत गेले. दोष सांगितलाच नाही, तर तो दूर कसा करणार, याचे उत्तर त्या आवारात कोणाकडेही नव्हते.

घरी येऊन मी मोटार वाहन कायदा, 1988 काढून वाचला. कलम 45 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की गाडीत यांत्रिक दोष असल्यामुळे किंवा ती कायद्याच्या अटी पुऱ्या करत नसल्यामुळे खासगी वाहनाच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले, तर त्या आदेशाची प्रत कारणांसह अर्जदाराला द्यावी लागते. त्या आदेशाविरुद्ध कलम 57 खाली तीस दिवसांत अपीलही करता येते. पण आदेशच हाती नसेल, तर ते तीस दिवस मोजायचे कुठून? मी दोन परिच्छेदांचा साधा अर्ज लिहिला, त्यात कलम 45 चा उल्लेख केला, प्रतीवर इनवर्ड क्रमांक आणि शिक्का घेतला, आणि ती प्रत जपून ठेवली. शिक्का मारायलाही आधी टाळाटाळ झाली. मी मात्र तो मिळेपर्यंत खिडकीपासून हलले नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

उत्तर लगेच आले नाही. मधल्या काळात नोंदणीची मुदत संपली, गाडी अंगणात उभी राहिली आणि मी शाळेला बसने जाऊ लागले. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढणे कायद्याने गुन्हा आहे आणि अशा वेळी अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो, त्यामुळे "जवळच तर जायचे आहे" असे म्हणून ती कोणी बाहेर काढू नये. नंतर गॅरेजला आणि फेरतपासणीला मी ती टोइंगवाल्याकडून नेली. एक दिलासा असा की महिन्याला 500 रुपयांचे जादा शुल्क हे अर्जच उशिरा केल्याबद्दल आहे, म्हणून वेळेत केलेल्या अर्जाची पावती हाताशी ठेवावी.

अखेर कागद आला. त्यावर चार मुद्दे होते: चासी क्रमांक वाचता येत नाही, उजव्या बाजूच्या दाराखालचा पत्रा गंजून भोके पडली आहेत, डावा मागचा ब्रेक कमी लागतो, आणि एका हेडलाइटचा झोत चुकीचा आहे. चार ओळींनी अंदाजांचा सगळा गोंधळ संपवला.

तो कागद घेऊन मी एका जुन्या मेकॅनिककडे गेले आणि भाव विचारण्याआधी गाडी रॅम्पवर चढवायला सांगितले. छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. त्यामुळे गंज आहे की नाही यापेक्षा तो कुठे आहे, हे महत्त्वाचे. आमच्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यात समुद्राची खारी हवा, तेव्हा पंधरा वर्षांच्या गाडीला गंज नसणेच नवल. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चाकांना धरणारे लोअर आर्म बसतात त्या जागा, मागच्या स्प्रिंगांचे आधार आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांचे बोल्ट, असे एकेक ठिकाण टोचून दाखवले. सगळीकडे धातू ठणठणीत होता. टोक आत गेले ते फक्त दाराखालच्या पत्र्यात आणि त्याला लागून असलेल्या गाडीच्या तळपत्र्याच्या काठाला. आधाराच्या जागा गेल्या असत्या, तर मी एक रुपयाही घातला नसता आणि कोणी घालू नये, असे माझे ठाम मत आहे. एकूण खर्च सव्वीस हजारांच्या आत येत होता. मी दुरुस्तीचा निर्णय घेतला.

मोडीत काढण्याचा विचारही मी केला होता. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिल्यास ती मोडीत दिल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात राज्यांना 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते आणि नोंदणी शुल्क माफ होते, पण ते शुल्क मुळात 600 रुपयेच आहे. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आल्यामुळे नवी गाडी स्वस्त झाली हे खरे, तरीही हप्ते काही सव्वीस हजारांत बसत नाहीत. मोडीतच द्यायची असेल, तर भंगारवाल्याला परस्पर देऊ नये. नोंदणी रद्द होईपर्यंत कागदोपत्री गाडी आपलीच राहते.

चासी क्रमांकाबद्दल मात्र सावध राहावे. पत्र्याचे काम करणारा टिंकर गंज काढायला उत्साहाने ग्राइंडर घेऊन आला होता. मी त्याला थांबवले. ग्राइंडरने अंकच पुसले गेले, तर पुन्हा कोरण्यासाठी कार्यालयाची परवानगी काढावी लागते, आणि त्या खिडकीवर दुसरा अर्ज घेऊन जाण्याची माझी मुळीच तयारी नव्हती. रॉकेल लावून, रात्रभर ठेवून, मऊ ब्रशने हलकेच घासल्यावर इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरचे सगळे अंक वर आले. मी त्यांचे फोटो काढून ठेवले आणि वर ग्रीसचा पातळ हात दिला.

फेरतपासणीला मी तो चार मुद्द्यांचा कागद, दुरुस्तीच्या पावत्या आणि कामापूर्वीचे व नंतरचे फोटो एकत्र नेले. निरीक्षक दुसरे होते. त्यांनी कागदावरचा एकेक मुद्दा तपासला, छाप पहिल्याच वेळी स्वच्छ उमटली, आणि नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली.

पीयूसी चालू आहे म्हणजे गाडी पास होईल, असे मला बरेच जण सांगत होते. पीयूसी फक्त धूर मोजते. माझ्या गाडीच्या धुरात सुरुवातीपासून काही दोष नव्हता. आणि वेल्डिंगनंतर खालून अँटी-रस्टचा थर मारून घेताना दाराखालच्या पत्र्याला पाणी निचरण्यासाठी जी बारीक छिद्रे असतात, ती बुजणार नाहीत हे स्वतः उभे राहून पाहावे. बुजली, तर जूनमध्ये आत शिरलेले पाणी आतच राहते आणि नवा पत्राही आतून गंजू लागतो.