रेवाचा लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा का उलटत होता

आमची कुत्री रेवा पाच महिन्यांची असताना एका सकाळी पांढऱ्या फरशीवर लघवीचे दोन थेंब दिसले आणि ते पुसल्यावर कापडावर फिकट गुलाबी डाग उमटला. आदले दोन दिवस ती बाहेर नेल्यावर एकाच जागी मोकळी न होता चार-पाच ठिकाणी बसत होती, प्रत्येक वेळी जेमतेम चमचाभर लघवी करत होती आणि शेवटी काहीच होत नसतानाही तशीच बसून माझ्याकडे पाहत राहायची. घरात जागोजागी शू करते म्हणून त्या दोन दिवसांत मी तिला दोनदा रागावले होते. ते मला आजही बोचते, कारण बाहेर जायची सवय लागलेले पिल्लू अचानक घरात लघवी करू लागते, तेव्हा बहुधा त्याला ती धरवतच नसते.

डॉक्टरांनी वाटीत धरलेल्या लघवीत पट्टी बुडवून पाहिली, रक्त असल्याचे सांगितले आणि आठवडाभराचे अँटिबायोटिक दिले. तिसऱ्या दिवशी रेवा ठणठणीत झाली. मादीचा मूत्रमार्ग नरापेक्षा आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात, एवढे स्पष्टीकरण तेव्हा मला पुरेसे वाटले. सात आठवड्यांनी तोच त्रास उलटला, गोळी बदलली, बरे वाटले. आणि ती नऊ महिन्यांची होईपर्यंत तिसरी खेप झाली.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, हे मला तिसऱ्या खेपेनंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलेली गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते: जंतू मारायला औषध आहेच, परंतु एवढ्या लहान वयात ते परत परत येत असतील, तर त्यांना आत शिरायला किंवा टिकून राहायला वाव कुठे मिळतो आहे, ते शोधले पाहिजे.

शोधाची सुरुवात लघवीच्या नमुन्यापासून झाली. वाटीत धरलेल्या लघवीत कातडीवरचे आणि केसांतले जंतू मिसळतात; शिवाय पट्टीवर पांढऱ्या पेशींची जी खूण असते ती कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाची नसते, त्यामुळे लघवीचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, नमुना पोटातून सुईने थेट मूत्राशयातून काढणार, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात रेवाला उताणे निजवून मी तिचे पुढचे पाय धरले, डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशयाचा काळा गोल शोधला, बारीक सुई आत गेली, पिवळट लघवी सिरिंजमध्ये चढली आणि अर्ध्या मिनिटात सर्व आटोपले. तिने एकदा जीभ बाहेर काढून माझा हात चाटला, एवढेच. हा नमुना नवे औषध सुरू करण्याआधी घ्यावा लागतो, नाहीतर जंतू असूनही ते वाढत नाहीत. तीन दिवसांनी अहवाल आला. ई. कोलाय हा कुत्र्यांच्या लघवीत सर्वाधिक आढळणारा जंतू वाढला होता, आणि आधी दिलेल्या दोन औषधांपैकी एकाला तो मुळीच दाद देत नव्हता. लक्षणे कमी होणे आणि जंतू नाहीसे होणे यांत किती अंतर असू शकते, हे त्या एका कागदाने मला दाखवले.

त्यानंतर खड्यांचा शोध झाला. स्टॅफिलोकॉकस आणि प्रोटियस या जातींचे जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि त्यात स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे खडे धरतात. मग त्याच खड्यांच्या आत जंतू दडून बसतात आणि औषध थांबताच पुन्हा डोके वर काढतात. असे खडे योग्य औषध आणि विशेष आहार यांनी विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे मात्र विरघळत नाहीत. युरेटचे खडे साध्या एक्स-रेमध्ये निसटू शकतात. ते डाल्मेशियन जातीत आणि यकृताला बगल देणारी रक्तवाहिनी घेऊन जन्मलेल्या पिल्लांत विशेषकरून दिसतात. रेवाच्या मूत्राशयात खडा नव्हता, फक्त भिंत किंचित जाड झाली होती.

मला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती जन्मजात दोषाची. मूत्रपिंडाकडून येणारी नळी काही पिल्लांत मूत्राशयात न उघडता पुढे मूत्रमार्गात किंवा योनीत उघडते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की या जातींच्या माद्यांत हे अधिक आढळते. अशा पिल्लाची मांडी कायम ओली राहते आणि झोपेतही लघवी झिरपत राहते. रेवाचे अंथरूण मात्र सकाळी कोरडे असायचे, आणि माझ्या वहीतली ही नोंद डॉक्टरांच्या उपयोगी पडली. नळ्यांची शक्यता मागे पडली, आणि साध्या तपासणीत उत्तर मिळाले: तिच्या योनीचे तोंड आत दबलेले होते, वरून कातडीची घडी त्यावर आली होती आणि त्या घडीत लघवीचा ओलावा साचून कातडी लाल झाली होती. तीन खेपांत आमच्यापैकी कोणीही ती घडी उचलून पाहिली नव्हती.

यावर शस्त्रक्रिया असते, परंतु रेवा अजून माजावर आली नव्हती, आणि पहिल्या माजानंतर हा भाग बऱ्याचदा भरून बाहेर येतो; म्हणून ठरलेली नसबंदी पुढे ढकलून थांबायचे ठरले. हा निर्णय प्रत्येक मादीसाठी योग्य असेलच असे नाही, तो डॉक्टरांनी तपासूनच घ्यायचा असतो. दरम्यान प्रत्येक लघवीनंतर घडी मऊ कापडाने टिपून कोरडी करणे, वजन वाढू न देणे, अन्नात पाणी मिसळणे आणि दर चार तासांनी तिला बाहेर नेणे, हे आम्ही नेमाने केले. लघवी फार वेळ साठून राहिली की जंतूंना वाढायला फुरसत मिळते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि कुत्रा, विशेषतः नर, कुंथत असूनही लघवीचा थेंब येत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

अकराव्या महिन्यात रेवा माजावर आली आणि पुढच्या दोन महिन्यांत ती घडी जवळजवळ नाहीशी झाली. एका तपासणीत लघवीत पुन्हा थोडे जंतू दिसले, तेव्हा घाबरून मी गोळी मागितली. डॉक्टरांनी नकार दिला. त्रास काहीच नसताना केवळ अहवालातल्या जंतूंवर औषध दिले, तर ते हटवादी होण्याचाच धोका अधिक, हे त्यांनी मला शांतपणे समजावले, आणि मी अहवाल घेऊन तशीच परतले.

रेवा आता दोन वर्षांची होईल. गेल्या चौदा महिन्यांत एकही खेप झालेली नाही. वहीत अजूनही रोज एक ओळ लिहिते, आणि काल संध्याकाळची ओळ अशी आहे: एकदाच बसली, भरपूर, रंग फिकट पिवळा.