माणूस गेल्यावरही फोन कशाला करता?

उपचार संपून दोन-दोन वर्षं झालेल्या घरी मी अजून फोन का करते, असं बरेच जण विचारतात. घरच्यांच्या दुखऱ्या जागी उगाच बोट का ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मिरजेच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मी फॉलो-अपचं रजिस्टर सांभाळते. तपासणीला येतात त्यांची नोंद आपोआप होते. तब्येत ढासळली, पैसे संपले, त्यांचा रकाना कोराच राहतो. नुसत्या आलेल्यांवर हिशेब मांडला तर आमचे उपचार आहेत त्याहून चांगले दिसतील, आणि पुढच्या पेशंटची त्यात फसवणूक होईल. विटा-आटपाडीकडच्या घरांचा माग काढणं तर फार अवघड. मुलं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परराज्यात, आई-वडीलही तिकडेच जातात, नंबर बदलतो.

एका हॉस्पिटलच्या नोंदी थोड्या. नावं वगळून बऱ्याच ठिकाणच्या एकत्र केल्या, की औषधाचा गुण येत नाही की पेशंट औषधापर्यंत पोचतच नाही, हे कळतं. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, गावोगाव फिरून. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा आठ वर्षं मागोवा घेतला गेला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याने होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. साधारण तेवढ्याच बायकांच्या, पण तपासणी न झालेल्या गटात ६४ गेल्या. २००९ साली हे जगासमोर आलं. कोण राहिलं, कोण गेलं, हे कुणीतरी दारात जाऊन विचारलं म्हणूनच ना!

परवा आटपाडीकडे फोन लावला.

“मालक गेलं की ओ, दिवाळीच्या आदीच,” मावशी म्हणाल्या. मी गप्प राहिले. मग त्याच बोलल्या. सहातले तीन डोस झाले, पुढं ऊसतोड लागली, यायला जमलं नाही. मी तारीख लिहिली, ‘डोस अर्धवट’ लिहिलं, कारण लिहिलं.

“त्यांचं नाव कुणाला कळंल का?”

“नाही मावशी. वय, स्टेज, डोस, तारीख, एवढंच पुढं जातं.”

“मग लिवा.”

फोन ठेवण्याआधी त्यांनी खालच्या आळीतल्या एका बाईंचा नंबर दिला. त्यांच्या तिसऱ्या डोसची तारीख टळून आठ दिवस झालेत.