राहुकाळ आपल्या गावच्या सूर्याचा बघा

सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, म्हणजे नवं काम सुरू करायला टाळायची वेळ, हे आमच्या सोसायटीत शाळकरी पोरांनाही पाठ आहे. लिफ्टशेजारी सातही वारांचा तक्ताच लावलाय. पाळणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः पाळते. म्हणूनच हे लिहितेय, कारण तो तक्ता सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरून केलेला आहे.

आमच्या डोंबिवलीत जानेवारीच्या मध्याला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास आणि मावळतो सहा-वीसला. दिनमान, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त एवढा वेळ, झालं ११ तास ५ मिनिटं. त्याचे आठ भाग केले की एक भाग साधारण ८३ मिनिटांचा. सोमवारी राहुकाळ दुसऱ्या भागात, म्हणजे ८.३८ ते १०.०१. आता बघा, तक्ता वाचून साडेसातपासून ताटकळलेला माणूस नऊला नव्या दुकानाचं कुलूप उघडतो, ते ऐन राहुकाळात! एवढं श्रद्धेनं थांबायचं आणि चुकीच्या वेळी उठायचं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझं माहेर नागपूरचं. बाबा पंचांगाच्या समासात पेन्सिलीनं दर पंधरवड्याचं नागपूरचं दिनमान लिहून ठेवायचे आणि त्याखाली आठवा भाग. ती सवय मी सासरी आणली, पण आकडे आणून चाललं नसतं. आपलं घड्याळ देशभर एकच, ८२.५ अंश रेखांशाचं; सूर्य मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. सूर्य माथ्यावर यायला नागपुरात सव्वाबारा होतात, तर मुंबईकडे बारा-चाळीस. एकाच वारी दोन्हीकडच्या राहुकाळात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

भाग मात्र ठरलेले: सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. गावचा सूर्योदय-सूर्यास्त मोबाइलवर मिळतो. बाकी भागाकार.

दुसरा घोळ चौघडियाचा, म्हणजे दिवसाच्या भागांना ‘अमृत’, ‘शुभ’, ‘लाभ’ अशी चांगली किंवा वाईट नावं देणाऱ्या तक्त्याचा. तिथेही दिवसाचे आठच भाग, पण हिशेब वेगळा. गुरुवारचा सहावा भाग राहुकाळाचा आणि चौघडियात तोच भाग ‘अमृत’! मंगळवारच्या सातव्याला चौघडिया ‘शुभ’ म्हणतो, राहुकाळ म्हणतो थांबा. दोन्ही तक्ते एकदम उघडले की माणूस गोंधळणारच. मग सोयीचं तेवढं उचललं जातं, हे मला मुळीच पटत नाही. घरात जे चालत आलंय ते एक धरा. बुधवारी अभिजित हा भर दुपारचा शुभ मुहूर्त घेत नाहीत, तेही या गणितात छान बसतं: अभिजित मध्यान्हीच्या अलीकडे-पलीकडे चोवीस-चोवीस मिनिटं, आणि बुधवारचा राहुकाळ मध्यान्हीलाच सुरू होतो.

आणि हे सगळं नवीन कामाच्या आरंभासाठी. चालू कामाला, रोजच्या डब्याला, परीक्षेला, गाडीच्या वेळेला राहुकाळ नाही. दवाखान्याला तर नाहीच नाही. शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणालं, “दहा मिनिटं थांबू, मग काढू.” मी अक्षरशः ओरडले. शास्त्रानं असं कुठंही थांबवलेलं नाही. दुखणाऱ्या माणसाला तक्ता दाखवणं हा त्या शास्त्राचाही अपमान आहे.

आत्ता जुलैत भाचीनं स्कूटी घेतली. शोरूमनं गुरुवारी दोनची वेळ दिली, तर तिचा फोन, “मावशी, दीड ते तीन राहुकाळ आहे गं, नको म्हणून सांगू का?” मी पेन्सिल घेतली. सूर्योदय ६.०९, सूर्यास्त ७.१९. दिनमान १३ तास १० मिनिटं, एक भाग जवळपास ९९ मिनिटांचा. राहुकाळ लागतो २.२३ ला. तिच्या सासरी चौघडिया बघतात, तर तोवर तिथेही ‘लाभ’. तिला म्हटलं, दोनला जा, पण कागदपत्रं, विमा सगळं आदल्या दिवशी उरकून ठेव. हार, नारळ घरूनच ने, आणि सव्वादोनच्या आत गाडी शोरूमबाहेर काढ.