वीस टाक्यांवर लाल दोरा

सोमवार. श्रावणातली झड, दिवसभर उघडीप नाही.

गौरीच्या ताटावर घालायच्या रुमालाला क्रोशाची लेस लावायचीय; आज तिची पायाची, म्हणजे कापडाच्या काठावरची पहिली फेरी. कापड कॅम्ब्रिकचं, 40 सेंटीमीटर चौरस, दोनदा धुऊन वाळवलेलं. कोरं कापड घेतलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, लेस तेवढी आटत नाही, आणि मग काठ झालरीसारखा फुगतो. दोरा 20 नंबरचा, मर्सराइज्ड (चकाकीसाठी प्रक्रिया केलेला). (नंबर वाढला की दोरा बारीक होतो, नव्या मुली हमखास उलटं समजतात.) सुई 1.25 मिलिमीटरची. 40 नंबरच्या दोऱ्याला 1 मिलिमीटरची लागते.

पायाच्या फेरीत मात्र 1.25 ची सुई कापडात थेट खुपसू नये. दुमडलेल्या काठात ती ओढून घालावी लागते, कापडाचा एखादा धागा तुटतो, आणि पुढे धुण्यात लेस नेमकी तिथून सुटते. जाड शिवणसुईनं आधी भोकं पाडून घ्यावीत. धागे बाजूला सरकायला हवेत, तुटायला नकोत.

मोजणी अशी. सेंटीमीटरला 3 मुके खांब (सुईवर वेढा न घेता घातलेले आखूड टाके). कोपऱ्यावर एकाच भोकात 3, त्यातला मधला तो कोपऱ्याचा टाका. एका कोपऱ्याच्या टाक्यापासून पुढच्या कोपऱ्याच्या टाक्यापर्यंत मध्ये 119 टाके यायला हवेत. 120 नाही, 119. कारण वरच्या फेरीतला शिंपला 6 टाक्यांचा: एका टाक्यात 5 खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके), 2 टाके सोडून 1 मुका खांब, पुन्हा 2 सोडून पुढचा शिंपला. कोपऱ्याच्या टाक्यावर शिंपला बसायचा तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत 6 च्या पटीतच पावलं पडली पाहिजेत. 120 पावलं, 20 शिंपले. चारी बाजूंचे मिळून 80.

117 भरले आणि फेरी पूर्ण झाल्यावर ते लक्षात आलं, तरी उसवायची गरज नाही. वरच्या फेरीत दोन ठिकाणी 2 ऐवजी 1 टाका सोडायचा. कोपऱ्यापासून दूर आणि एकमेकांपासूनही दूर. कोपऱ्याजवळ केलेली तडजोड कितीही लपवली तरी दिसते.

मंगळवार, रात्री.

ओसरीत आज सहाजणी होत्या. तिघी मराठी बोलणाऱ्या, तिघी कन्नड. इकडे हे नेहमीचंच, बेळगावच्या शहापूर-वडगावात असो की निपाणीकडे. अडचण येते ती मोजताना. एकीचं "तेरा, चौदा" चालू असतं, शेजारचीचं "ओंदु, एरडु, मूरु", आणि दोघींचीही मोजणी चुकते. मनात मोजणं हा उपाय नाही, कारण बोलता बोलता मनातला आकडा आधी हरवतो. उपाय लाल दोऱ्याचा: दर 20 टाक्यांना बोटभर लाल दोरा टाक्यात अडकवून ठेवायचा, फेरी झाली की ओढून काढायचा. चूक झाली तरी 20 टाक्यांतच शोधायची. आमच्यातल्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांनी "इप्पत्तु" (वीस) म्हटलं की शेजारची न विचारता लाल दोरा पुढं करते.

"अक्का, इथं साखळ्या किती घ्यायच्या ओ?"

"मूरु. तीन."

खांबाच्या फेरीला सुरुवातीच्या 3 साखळ्या, अर्ध्या खांबाला 2, मुक्या खांबाला 1. हे सगळींना पाठ असतं. तरी विचारतात, आणि विचारावं. नवी मुलगी बहुतेक वेळा इथंच एखादी साखळी कमी घेते, आणि फेरीचा जोड खाली ओढला जातो.

खरी गफलत इंग्रजीतून होते. आपल्याकडच्या जुन्या पुस्तिका ब्रिटिश पद्धतीच्या आहेत, मोबाइलवरचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकन. ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे आपला पूर्ण खांब, ज्याला ब्रिटिश 'ट्रेबल' म्हणतात. शब्द एकच, उंची जवळजवळ तिप्पट. व्हिडिओ पाहून शिकलेल्या मुलीनं जुन्या पुस्तिकेवरून पायाची फेरी घातली की ती दाट, आखूड येण्याऐवजी उंच आणि विरळ येते, आणि वरचे शिंपले खाली लोंबतात. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात कुठंही 'सिंगल क्रोशे' आलं की तो बहुधा अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत. 'मुका खांब' आणि 'खांब' या आपल्या शब्दांत हा घोळ नाही. मुक्या खांबाला सुईवर वेढा नसतो, खांबाला एक असतो. नवीन मुलींनी आधी हे शब्द शिकावेत असं मनापासून वाटतं.

त्याहून बरा खुणांचा नकाशा. लांबट गोल म्हणजे साखळी, उभ्या दांडीवर आडवी रेघ आणि मध्ये एक तिरकी काट म्हणजे खांब. तो मराठीतही वाचता येतो, कन्नडमध्येही. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बायका तेलुगूत मोजतात, पण त्यांचा नमुना नकाशावर आला तर तो या ओसरीत कुणालाही विचारल्याशिवाय विणता येईल.

एका रुमालावर दोघींनी हात घालू नये, हेही आज पुन्हा दिसलं. 10 शिंपले बरोबर 20 सेंटीमीटर भरले पाहिजेत. सैल हाताचे 21 च्या पुढे जातात. अशा वेळी हात आवळून विणायला सांगितलं तर चार शिंपले घट्ट येतात, पाचवा पुन्हा सैल. हात बदलत नाही. सुई बदलावी, 1.25 ऐवजी 1 ची घ्यावी.

गुरुवार.

एक रुमाल पूर्ण झाला. कोपरा बघत बसावंसा वाटला: 7 खांबांचा शिंपला पंख्यासारखा उघडलेला, आणि खालचं कापड अगदी सपाट. कोपऱ्यावर 7 हवेतच. बाजूंसारखे 5 घातले तर कोपरा वाटीसारखा वर उचलला जातो, 9 घातले तर लाटा पडतात. वर्तुळाच्या रुमालाचंही तसंच: खांबाचा असेल तर 12 पासून सुरुवात आणि दर फेरीला 12 ची वाढ. कमी वाढवले तर टोपी होते, जास्त वाढवले तर झालर.

धुणं रिठ्याच्या कोमट पाण्यात, न पिळता. टॉवेलात गुंडाळून दाबायचं. मग टाचण्या, स्टीलच्याच. लोखंडी टाचणी या हवेत एका रात्रीत गंजते आणि तो डाग जात नाही. आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य, मग उरलेले शिंपले, प्रत्येकाच्या मधल्या खांबाला एक. अशा 80 टाचण्या. एका कडेपासून सरळ लावत गेलं तर रुमाल तिरका वाळतो. वर इस्त्री फिरवायची नाही, शिंपले चपटे होतात.

खळ आता देऊ नये. पावसात ती नीट वाळत नाही, काळे ठिपके धरते, आणि पेटीत ठेवलं की कसर खळीलाच लागते. रुमाल बिनखळीचा, धुतलेल्या सुती फडक्यात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. गौरी बसायच्या आदल्या दिवशी आरारूटची पातळ खळ पुरे.

अक्कांच्या रुमालाचा दुसरा कोपरा 5 चाच पडलाय. लक्षात आलं तेव्हा चौथा कोपरा झालेला. क्रोशा शेवटाकडूनच उसवतो, मधूनच दुरुस्त करता येत नाही, म्हणजे 40 शिंपले मागं जावं लागणार. उसवलेला दोरा कुरळा होतो. तसाच विणला तर टाके लहान-मोठे येतात. आज तो पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून, ओला करून पंख्याखाली ठेवलाय. सरळ झाला की शनिवारी दुसऱ्या कोपऱ्यापासून, 7 खांब.